बुलडोझर आणि डोंगराची माती



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी बुलडोझर हा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. बी. ए. झाल्यावर आणि एम. ए.ला प्रवेश घेण्यापूर्वी, १९७१ ते १९७३ अशी दोन वर्षे मी डिचोली भागातील एका लोहखनिजाच्या खाणीवर कारकुनी केली. यंत्रांचे तास, डिझेल, तेल आणि बिघाड यांच्या नोंदी लॉगबुकात करणे, हे माझे काम. ज्या यंत्रांच्या सहवासात ती वर्षे गेली, त्यांचा जमाना केव्हाच सरला. ती कशी चालत आणि त्यांनी आपल्या भूमीचे काय केले, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम शब्दाविषयी. ‘बुलडोझ’ हे क्रियापद अमेरिकेत १८७६ च्या सुमारास रूढ झाले. लुइझियाना राज्यात कृष्णवर्णीय मतदारांना मारहाण करून धमकावण्याला ते लावले जात असे. यंत्राला हे नाव विसाव्या शतकात मिळाले आणि तेही मूळचे पुढच्या पोलादी पात्याचे. त्यामागील वाहन म्हणजे साखळपट्ट्यांवर चालणारा क्रॉलर ट्रॅक्टर.

हा ट्रॅक्टर जन्माला आला तो डोंगर फोडण्यासाठी नव्हे, तर मऊ जमिनीत रुतू नये म्हणून. कॅलिफोर्नियातील स्टॉकटनजवळची शेतजमीन कुजलेल्या वनस्पतींची आणि भुसभुशीत होती. वाफेच्या अवजड ट्रॅक्टरांची चाके तीत खचत. बेंजामिन होल्ट यांनी १९०४ साली मागची चाके काढून त्यांच्या जागी फळ्या जडवलेल्या साखळ्या बसविल्या. यंत्राची चाल सुरवंटासारखी दिसली, म्हणून त्याला ‘कॅटरपिलर’ म्हणू लागले. पुढे १९२५ मध्ये होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एकत्र येऊन याच नावाची कंपनी स्थापन झाली.

यामागील तत्त्व सोपे आहे. यंत्राचे वजन बावीस टन धरू. सुमारे पंचावन्न सेंटिमीटर रुंदीचे दोन पट्टे प्रत्येकी पावणेतीन-तीन मीटर लांबीपर्यंत जमिनीला टेकलेले असतील, तर दर चौरस सेंटिमीटरवर पाऊण किलोच्या आसपासच भार येतो. माणूस चालताना टाच टेकतो, तेव्हा तिच्याखाली याहून कमी भार नसतो. एवढे अजस्र धूड ओल्या मातीवरून जाई, ते याच कारणाने.

जुन्या यंत्रांत मुख्य डिझेल इंजिन सुरू करण्यासाठी पेट्रोलवर चालणारे एक लहान इंजिन असे. त्याला ‘पोनी’ म्हणत. आधी पोनी सुरू करावयाचे. त्याच्या धुराने आणि दोन्ही इंजिनांतून फिरणाऱ्या पाण्याने मोठे इंजिन ऊबदार झाले, की क्लच जोडून ते फिरवावयाचे आणि मग डिझेल सोडावयाचे. घाई केलेली त्याला चालत नसे. जुन्या यंत्रांचे पाते तारेच्या रश्शाने उचलले जाई आणि केवळ स्वतःच्या वजनाने खाली पडे. हायड्रॉलिक यंत्रांत मात्र ते जोराने खाली दाबता येई. कठीण जांभ्यात हा फरक तत्काळ कळे.

साखळीची झीज हा वर्कशॉपचा नित्याचा विषय होता. जांभ्याची कणीदार माती पिन आणि बुश यांच्यामध्ये शिरे आणि एका बाजूने त्यांना खाई. साखळी ‘वाढली’ असे कामगार म्हणत. वस्तुतः लोखंड वाढत नसे. प्रत्येक सांध्यातील झिजेने साखळीची लांबी वाढलेली असे. तेव्हा पिन आणि बुश काढून अर्ध्या वळणाने फिरवून बसवीत, म्हणजे न झिजलेली बाजू कामाला येई.

खरे कौशल्य ऑपरेटरचे. चांगला ऑपरेटर पुनःपुन्हा त्याच चरातून माती ढकली. चराच्या दोन्ही काठांमुळे ती बाजूंना सांडत नसे आणि एका खेपेत अधिक माती जाई. इंजिनाचा आवाज जड झाला, की तो पाते बोटभर वर घेई. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात मी वाचले नाही. ते हाताला आणि कानाला होते आणि हेल्परला शेजारी बसवूनच दिले जाई.

मात्र ढकललेली माती कोठे जावी, हे त्या ऑपरेटरच्या हाती नव्हते. गोव्यातील खाणींत एक टन खनिजासाठी दोन-तीन टन माती आणि दगड बाजूला काढावे लागतात. खनिज बार्जेसमधून मांडवी आणि जुवारी नद्यांवाटे मुरगावला जाई. उरलेल्या मातीचे ढीग उतारावर साठत. पावसाळ्यात ती लाल माती ओहोळांत उतरे, शेतांत आणि कुळागरांत पसरे. आमच्या नातलगांचे एक शेत दोन पावसाळ्यांत असे भरून गेले. मी रोज भरीत असलेल्या लॉगबुकात यंत्राच्या प्रत्येक तासाचा हिशेब होता. माती कोठे गेली, याचा रकानाच नव्हता.

पुढील इतिहास आपणांस ठाऊक आहे. २०१२ मध्ये खाणकाम थांबले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा घालून त्याला अनुमती दिली आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द ठरविले. ऑपरेटर, ट्रकमालक, बार्जवरील खलाशी अशा अनेकांच्या चुली त्यामुळे अडचणीत आल्या, हेही विसरता येणार नाही. २०२२ च्या अखेरीस नव्याने लिलाव सुरू झाले.

या शाळेचे अनेक विद्यार्थी अभियंते झाले आहेत, काही खाणींवर अधिकारी होतील. त्यांना माझी विनंती आहे की, यंत्राच्या तासांबरोबर मातीचाही हिशेब ठेवावा. ती कोठे टाकली, तिला बांध घातला की नाही आणि पावसात ती कोणाच्या दारी गेली, याची नोंद असावी. आणि जे जुने ऑपरेटर आपल्या गावी अजून हयात आहेत, त्यांच्यापाशी बसून त्यांचे शब्द व त्यांची विद्या लिहून घ्यावी. हे काम शाळेच्या मुलांनाही करता येईल.