आधीं सोपें पुस्तक, मग शास्त्रग्रंथ

मायकेल फॅराडे हा लंडनमधील एका लोहाराचा मुलगा; शाळा बेताचीच. १८०५ सालीं तो बुकबाइंडराकडे उमेदवारीस राहिला. तेथें जेन मार्सेटबाईंचें रसायनशास्त्रावरील संवादरूप बालबोध पुस्तक त्यानें नुसतें वाचलें नाहीं. त्यांतील विधानें स्वतः प्रयोग करून पडताळलीं. त्याच पायावर पुढें डेव्हीसारख्या शास्त्रज्ञांचीं व्याख्यानें त्यास उमगलीं. १८२१ सालीं त्यानें विद्युत्प्रवाहाच्या योगें तार फिरविली. आपल्या विहिरीवरील विजेच्या मोटारीचें मूळ तें.

वाचकहो, आपणही तोच क्रम धरावा. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणींत नत्र शेंकडा ४६, म्हणजे सुमारें २१ किलो. हा हिशेब सोप्या पुस्तकांतून शिकावा, मात्रा एका वाफ्यांत पडताळावी, मग खतशास्त्राचा ग्रंथ उघडावा. वाफ्यांतील चूक मूठभर धान्याची. सबंध शेतांतील चूक वर्षाच्या अन्नाची.