फोटो जपा, नावासकट जपा

शिर्डीला रामनवमीच्या यात्रेत काढलेला आजोबांचा फोटो पेटीत पिवळा पडतो आहे ना? तो दारातल्या उजेडात सपाट ठेवा आणि फ्लॅश न लावता मोबाइलने टिपा. बियाणे राखतो तशी मूळ प्रत राखा. कातरणे, उजळणे नकलेवरच करा. ४ × ६ इंची छपाईसाठी १२०० × १८०० ठिपके हवेत. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ठिपके घटत नाहीत.

खाली नाव, गाव, साल ‘मुक्ता’सारख्या मोफत युनिकोड टंकात लिहा. दोन ओळींत मोकळी जागा सोडा. नाहीतर वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात.

नावे मात्र आजच आजीला विचारा. उद्या चेहरा उरेल, ओळख सांगणारे कोणी उरणार नाही.