तीन चमचे पेट्रोल

इंजिनातून काढलेल्या स्पार्क प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर कधी कधी रुपेरी, धुळीएवढे बारीक ठिपके दिसतात. भिंग लावल्याशिवाय ते नीट ओळखूही येत नाहीत. जाणता मेकॅनिक मात्र ते पाहिले की गाडी पुन्हा सुरू करू देत नाही. कारण ते ठिपके ॲल्युमिनियमचे असतात आणि पिस्टनवरून सुटून आलेले असतात. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतीत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर अंतर दहा-अकरा सेकंदांत कापणाऱ्या गाड्या असतात. त्यातल्या नायट्रस ऑक्साइड वापरणाऱ्या पुष्कळ गाड्यांच्या इंजिनांचा शेवट असा होतो. खापर नायट्रसवर फुटतं. चोर अनेकदा पेट्रोलच्या दाबात लपलेला असतो.

नायट्रस ऑक्साइड हा काही मोटारींसाठी जन्माला आलेला वायू नाही. जोसेफ प्रीस्टलीने तो १७७२ मध्ये तयार केला, हंफ्री डेव्हीने तो स्वतः हुंगून पाहिला आणि दातांच्या डॉक्टरांनी भूल देण्यासाठी वापरला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांना उंचावरच्या विरळ हवेत दम टिकवायला त्याचाच आधार मिळाला. सिनेमांमुळे अनेकांना वाटतं, की हे एखादं जहाल इंधन आहे. तसं नाही. नायट्रस स्वतः जळत नाही. सिलिंडरातल्या उष्णतेने त्याचा रेणू फुटतो आणि त्यातला ऑक्सिजन मोकळा होतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. जास्तीच्या ऑक्सिजनला जास्तीचं पेट्रोल मिळालं, तरच ताकद वाढते. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला १४.७ किलो हवा लागते. नायट्रस मात्र साडेनऊ किलोच्या आसपास पुरतो.

आता हिशेब करून पाहू. इंजिनाची ताकद १०० अश्वशक्तीने वाढवायची, तर ताशी साधारण ३० लिटर जास्तीचं पेट्रोल लागतं. म्हणजे सेकंदाला आठ मिलिलिटर, दहा सेकंदांच्या धावेला जेमतेम ८० मिलिलिटर. त्यातला पाचवा हिस्सा कमी पडला, तर उणीव होते १५-१६ मिलिलिटरची. तीन चमचे पेट्रोल! पण तेवढ्याने मिश्रण ‘लीन’ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, इंजिन नॉक करू लागतं, म्हणजे मिश्रण नीट न जळता भडकू लागतं, पिस्टनच्या माथ्यावर उष्णता आणि दाबाचे घण बसू लागतात. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि ज्वलनाची ज्योत त्याहून कितीतरी तप्त असते. पिस्टन एरवी तग धरतो, कारण त्याची उष्णता सिलिंडरच्या भिंतीतून सतत काढून घेतली जाते. नॉकिंग सुरू झालं, की हे गणित बिघडतं.

हे तीन चमचे जातात कुठे, हा खरा शोध.

नायट्रसच्या ‘वेट’ पद्धतीत दोन सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह असतात, एक वायूचा आणि एक पेट्रोलचा. बटण दाबलं की दोन्ही एकदम उघडतात. दोघांपुढे पितळेची छोटी जेट असते, तिच्या भोकातून किती पेट्रोल जाईल हे दाबावर ठरतं. मात्र ते दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठरतं, आणि इथेच अनेकांची फसगत होते. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत दाब ५८ पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास असतो. त्यातले दोन गेले, तर प्रवाह दोन टक्केही घटत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या व्ही-८ गाडीत मुळात दाबच सहा पीएसआय. तिथे तेच दोन गेले, की प्रवाह १८ टक्क्यांनी कोसळतो. काटा दोन्हीकडे सारखाच हलला, पण एक गाडी घरी जाते आणि दुसरीचं इंजिन उघडावं लागतं.

‘गाडी उभी असताना गेज बरोबर दाखवतो, धावताना मात्र गडबड होते,’ ही तक्रार गॅरेजात नेहमीची. त्यात गूढ काही नाही. सोसायटीतल्या गंजलेल्या पाइपाच्या टोकाला नळ बंद ठेवून गेज लावला, तर दाब पूर्ण दिसतो. नळ सोडला की धार करंगळीएवढी. पाइप किती चोंदला आहे, हे पाणी वाहू लागल्यावरच कळतं. म्हणून नायट्रसच्या गाडीत दाब मोजायचा तो पेट्रोल वाहतं असताना. त्यासाठी पेट्रोलच्या सोलेनॉइडपुढची नळी सोडवून, तिच्या टोकाला नेहमीचीच जेट लावून ती मापाच्या भांड्यात धरतात. नायट्रसची बाटली बंद, इंजिन बंद, फक्त पंप चालू. सोलेनॉइड उघडायचा, सेकंद मोजायचे, भांड्यातलं पेट्रोल मोजायचं आणि त्याच वेळी काटा कुठे स्थिरावतो ते पाहायचं. हे काम उघड्यावर, थंड इंजिनावर आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करायचं. इथे ढिलाई चालत नाही.

वाहता दाब पडत असेल, तर माझ्या मते पहिला संशय विजेवर घ्यावा. पंप दहा अँपिअर घेत असेल आणि वायर, रिले, अर्थिंग मिळून ०.२ ओहमचा अडथळा असेल, तर दोन व्होल्ट वाटेतच संपतात. बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट असले, तरी पंपाच्या पदरी साडेअकराच पडतात आणि पंप मंदावतो. व्होल्टमीटर बॅटरीवर लावून यातलं काहीच कळत नाही. तो पंपाच्या तारांवरच लावावा लागतो, आणि तोही पंप चालू असताना. चेसिसला लावलेल्या अर्थच्या बोल्टखालचा रंग खरवडल्यावर बरा झालेला ‘खराब’ पंप, ही गोष्ट या धंद्यात नवी नाही.

त्यानंतर फिल्टर, टाकीतली जाळी, सोलेनॉइडच्या तोंडाशी असलेली बारीक चाळणी. टाकीत पेट्रोल कमी असेल, तर गाडी सुटताना ते मागे लोटलं जातं आणि पंपाचं तोंड क्षणभर उघडं पडतं. पंप हवा ओढतो, काटा थरथरतो.

याच धक्क्याचा आणखी एक परिणाम आहे, तो मला सगळ्यात विलक्षण वाटतो. गाडीची टाकी आणि पंप मागे, कार्ब्युरेटर पुढे, मध्ये चारेक मीटर नळी. गाडी गुरुत्वाकर्षणाएवढ्या त्वरणाने सुटली, तर त्या नळीतलं पेट्रोल जणू चार मीटर उंच खांबासारखं मागे रेटू लागतं. पेट्रोलची घनता धरून गणित केलं, तर त्याला पुढे ढकलण्यातच चार पीएसआय खर्ची पडतात. पंप निर्दोष, वायरिंग निर्दोष, फिल्टर नवा, तरीही सहातले चार गायब! गाडी उभी करून कितीही तपासा, हा दोष सापडणार नाही. नेहमीचा उपाय असा. मागून दाब बराच चढा ठेवायचा आणि कार्ब्युरेटरजवळ रेग्युलेटर बसवून तिथे तो उतरवायचा.

रेग्युलेटरच्या स्क्रूबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. दाब पडला, की स्क्रू पिळून काटा वर आणायचा, हा सोपा मार्ग घातकी आहे. चोंदलेला फिल्टर तसाच राहतो, फक्त उभ्या गाडीतला आकडा सुधारतो. रेग्युलेटरला व्हॅक्युमची नळी असेल, तर स्क्रूला हात लावण्याआधी ती काढून पाहावी. तिच्यात पेट्रोलचा वास किंवा ओल असेल, तर आतला पडदा फाटला आहे. तिथे स्क्रूने काही साधणार नाही.

कधी पेट्रोल पुरेसं असूनही मिश्रण लीन होतं, कारण दुसरं पारडं जड झालेलं असतं. बाटलीतल्या नायट्रसचा दाब २० अंशांना सुमारे ५० बार असतो, ३० अंशांना ६३ च्या आसपास जातो. ३६.४ अंशांपुढे तर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. म्हणून पेट्रोलचा गेज पाहताना बाटलीचा गेजही पाहायचा. उन्हात तापलेल्या बाटलीवर सकाळची जेट चालेल, असं धरून चालू नये.

आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत आणि गाडीची ताकद वाढवण्याची हौस पुण्या-मुंबईच्या तरुणांत भरपूर आहे. रस्त्यावर याला जागा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. ज्यांना बंद ट्रॅकवर हे करायचं आहे, त्यांना एकच विनंती. पेट्रोलच्या सोलेनॉइडजवळच प्रेशर स्विच बसवा. दाब ठरलेल्या आकड्याखाली गेला, की तो दोन्ही सोलेनॉइड त्याच क्षणी बंद करतो. इतक्या झटपट ना डोळ्याला काटा दिसतो, ना पाय उचलता येतो. तो बसवून, वाहत्या दाबावर तपासून झाल्याशिवाय बाटलीचा व्हॉल्व्ह उघडू नका.