लघुउद्योजकाचे व्यवसायसंबंध : जोडणे आणि जपणे

जागा मिळाली, कर्ज मंजूर झाले, यंत्रे बसली, विजेची जोडणीही झाली. तरीही वर्षअखेरीस निम्मी यंत्रे कामावाचून थांबलेली, हे दृश्य औद्योगिक वसाहतींत अपरिचित नाही. अशा वेळी दोष बहुधा भांडवलाला किंवा बाजारपेठेला दिला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा उणीव असते ती माणसांची. उत्पादकाला ओळखणारे ग्राहक, अडचणीत कच्चा माल देणारे पुरवठादार आणि वेळेवर योग्य माहिती देणारे समव्यवसायी ही लघुउद्योजकाची खरी पुंजी होय. ती ताळेबंदात दिसत नाही. परंतु तिच्या अभावी एकाच मोठ्या ग्राहकावर विसंबलेला कारखाना एकखांबी तंबूसारखा असतो. तो खांब हलला की मालकाबरोबर कामगारांचीही रोजी बुडते.

जुनी परंपरा

व्यावसायिकांनी एकत्र येण्याची प्रथा नवी नाही. गोव्यातील व्यापाऱ्यांची संघटना पोर्तुगीज राजवटीत १९०८ साली स्थापन झाली. आजचे गोवा चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री हे तिचेच रूप. पुण्यात १९३४ साली मराठा चेंबरची स्थापना झाली. त्याआधी १९०५ साली अमेरिकेतील शिकागो येथे पॉल हॅरिस या वकिलाने तीन स्नेह्यांसह रोटरी क्लब सुरू केला. प्रत्येक व्यवसायाचा एकच प्रतिनिधी घ्यावा आणि बैठका आळीपाळीने सभासदांच्या कचेऱ्यांत भरवाव्यात, अशी तेथील पद्धत होती. सेवाकार्याकडे वळण्यापूर्वी सभासदांतील व्यावसायिक देवघेव हाही त्या मंडळाचा एक उद्देश होता. भिन्न व्यवसायांतील माणसे एकत्र आली की स्पर्धा कमी व उपयोग अधिक, हे त्यातील मर्म आजही लागू पडते.

दूरच्या ओळखींचे मोल

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळील न्यूटन येथे नोकरी बदललेल्या व्यक्तींची पाहणी केली व तिचे निष्कर्ष १९७३ साली प्रसिद्ध केले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ १६.७ टक्के लोकांना ती माहिती वारंवार भेटणाऱ्या व्यक्तीकडून मिळाली होती, ५५.६ टक्के लोकांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून, तर २७.८ टक्के लोकांना क्वचितच भेटणाऱ्याकडून. याचे कारण उघड आहे. निकटच्या मित्रांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी वार्ता येते ती दुसऱ्या वर्तुळातून. ही पाहणी नोकरीपुरती होती, तरी उद्योजकाने तिचा बोध घेण्यासारखा आहे. आप्तेष्ट व गावकरी यांच्यापुरताच परिचय ठेवणाऱ्या कारखानदाराला नव्या मागणीची वार्ता सर्वांत शेवटी कळते.

विश्वास कसा निर्माण होतो

ओळख म्हणजे संबंध नव्हे. प्रदर्शनात शंभर व्हिजिटिंग कार्डे गोळा करण्यापेक्षा दहा जणांची गरज समजून घेणे, ती त्याच दिवशी टिपून ठेवणे आणि आठवड्याच्या आत त्यांना पत्र किंवा दूरध्वनी करणे अधिक फलदायी ठरते. प्रथम भेटीतच काम मागणे टाळावे. समोरच्याला उपयोगी अशी एखादी माहिती आधी द्यावी.

बेळगावच्या उद्यमबाग परिसरातील फाउंड्री व मशीन शॉप यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. पॅटर्न एकाने करावा, ओतकाम दुसऱ्याने, मशीनिंग तिसऱ्याने, अशी कामाची विभागणी या धंद्यात सर्रास असते. समजा, मशीनिंग करताना कास्टिंगमध्ये ब्लोहोल आढळले. मशीन शॉपने ते तत्काळ कळविले आणि फाउंड्रीने दोष मान्य करून माल बदलून दिला, तर नुकसान त्या एका घाण्यापुरते राहते व दोघांची पत वाढते. दोष झाकला तर तो अंतिम ग्राहकाकडे उघडा पडतो आणि साखळीतील सर्वांचेच काम जाते.

शिफारशीचेही असेच आहे. शिफारस करणारा आपली पत दुसऱ्याच्या नावे गहाण ठेवीत असतो. म्हणून क्षमतेबाहेरचे काम स्वीकारून मुदत चुकविण्यापेक्षा नम्रपणे नकार देऊन ते योग्य शेजाऱ्याकडे पाठविणे श्रेयस्कर. शिफारशीमुळे काम मिळाल्यास त्याचा परिणाम शिफारस करणाऱ्यास अवश्य कळवावा. ‘गरज सरो, वैद्य मरो’ या वृत्तीने जोडलेली माणसे दुसऱ्यांदा उपयोगी पडत नाहीत.

संबंध आणि कायदा

स्नेहसंबंध असले तरी व्यवहार लेखी असावा. दर, मुदत, तपासणीची पद्धत आणि रक्कम देण्याचा दिनांक मागणीपत्रात स्पष्ट नमूद करावा. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराची रक्कम, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे; विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तक्रारीसाठी राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. संकोचापोटी थकबाकी वाढू देण्याने मैत्री टिकत नाही. उलट दोन्ही बाजूंस कटुता येते.

शासकीय खरेदीत मात्र ओळखीला स्थान नाही व नसावे. तेथे निविदा, विहित गुणवत्ता आणि वेळेवर पुरवठा हेच निकष होत. परिचयाचा उपयोग माहिती मिळविण्यापुरता करावा. वशिल्यासाठी केल्यास तो गैरव्यवहार ठरतो.

व्यवसायसंबंध एका सभेत उभे राहत नाहीत. पाळलेली मुदत, मान्य केलेली चूक आणि वेळेवर चुकते केलेले देणे यांतून ते हळूहळू साकारतात. नवोदित उद्योजकाने आपल्या संघटनेचे सभासदत्व घ्यावे, सभांना नियमाने उपस्थित राहावे आणि महिन्यातून निदान एकदा शेजारच्या कारखान्याची पायरी चढावी. मंदीच्या काळात यंत्रे फिरती ठेवण्याचे सामर्थ्य याच जोडलेल्या माणसांत असते.