बालाघाटातील घळया आणि पाषाणातील अवशेष : अंबाजोगाईच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात नवाहो लोकांच्या भूमीवर ‘कॅन्यन द शे’ ही प्रसिद्ध घळई आहे. तिच्या तांबूस वालुकाश्मी कड्यांच्या कपारींत नवाहोंच्याही आधी तेथे राहणाऱ्या प्युब्लो-पूर्वजांच्या घरांचे अवशेष आहेत. इ.स. 1931 मध्ये हे स्थळ राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले, तरी भूमी नवाहोंचीच राहिली. आजही घळईच्या तळाशी नवाहो कुटुंबे शेती करतात आणि तेथे सामान्यतः नवाहो वाटाड्याखेरीज उतरता येत नाही. अशा स्थळांविषयी आपल्याकडे कुतूहल आहे. मात्र बीड जिल्ह्यातील घळया व अवशेष एकत्रितपणे पाहण्याची दृष्टी आपण फारशी जोपासलेली नाही. प्रस्तुत लेखात त्यांच्यातील संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

खडक आणि पाणी :
बालाघाटचा डोंगर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे. काळ्या, घट्ट पाषाणाच्या थराखाली मऊ, सच्छिद्र मांजऱ्या खडक आणि काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा, अशी ही रचना आहे. वाहते पाणी खालचा मऊ थर आधी पोखरते. वरचा कठीण थर निराधार होऊन कोसळतो आणि धबधबा मागे सरकत जाऊन घळई लांबत जाते. पाटोदा तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदीची दरी पाहताना ही प्रक्रिया सहज लक्षात येते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वरच्या खडकाच्या भेगांतून मुरलेले पाणी तांबड्या पट्ट्यावर अडते आणि कड्याच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. अवर्षणप्रवण प्रदेशात अशा पाण्याचे मोल वेगळे सांगावयास नको. सौताड्याच्या दरीत रामेश्वर, कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी, अंबाजोगाईनजीकच्या दरीत मुकुंदराजांची समाधी, ही सारी श्रद्धास्थाने घळयांच्या आश्रयाने असावीत, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. एकांत हे कारण असेलच, परंतु एकांताला पाणी लागते.

हत्तीखाना :
जयवंती नदीकाठच्या अंबाजोगाईत हा संबंध मानवी हाताने पुढे नेलेला दिसतो. वालुकाश्मात निसर्गतःच मोठ्या कपारी तयार होतात. कॅन्यन द शेमधील लोकांनी त्यांच्या छायेत घरे बांधली. बेसाल्टमध्ये तशी कपार क्वचितच मिळते, म्हणून येथे जागा कोरूनच काढावी लागली. हत्तीखाना किंवा शिवलेणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लेण्यात उघडे प्रांगण, त्यात नंदीमंडप, कोरलेले हत्ती आणि मागे स्तंभांच्या ओळी आहेत.

लोकपरंपरा या स्थळाला ‘जोगाईचा मांडव’ म्हणते. परळीच्या वैजनाथाशी योगेश्वरीचा विवाह ठरला, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड पाषाणाचे झाले, अशी ती कथा आहे. कॅन्यन द शेमधील ‘स्पायडर रॉक’ या सुळक्यावर नवाहोंना विणकाम शिकवणारी कोळी-स्त्री राहते, अशी नवाहोंची श्रद्धा आहे. अशा कथा इतिहास नव्हेत, म्हणून अभ्यासक त्या बाजूला सारतात. माझ्या मते हे घाईचे आहे. कोरणाऱ्यांचे नाव विस्मृतीत गेल्यावरही ते स्थळ गावाचे राहिले, ते अशा कथांमुळेच. शिलालेखांचे कार्य वेगळे आहे : यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याची माहिती अंबाजोगाईच्या तेराव्या शतकातील लेखांवरून मिळते.

भेटीची पद्धती :
मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या अभ्याससहली बहुधा वेरूळ-अजिंठ्याकडे वळतात. ते योग्यच आहे. पण भूगोल, इतिहास आणि मराठी या तिन्ही विभागांना एकत्र नेता येईल असे स्थळ आपल्या जिल्ह्यातच आहे. विद्यार्थ्यांनी स्तंभांची मोजमापे घ्यावीत, खडकाचे थर रेखाटावेत आणि मांडवाची कथा वृद्ध स्त्रियांकडून ऐकून लिहून घ्यावी. हे काम तातडीचे आहे, कारण ज्या झिरपत्या पाण्याने ही स्थळे घडवली तेच मऊ थरांतील कोरीव काम आधी झिजवते, आणि कथा सांगणारी पिढीही वृद्ध झाली आहे. सहल श्रावणात काढण्याचा मोह होतो. तेव्हा धबधबे भरलेले असतात. परंतु पाणी नेमके कोणत्या थरातून पाझरते, हे पाऊस ओसरल्यावर, कार्तिकात, कोरड्या कड्यावरील ओल्या रेषेवरून अधिक स्पष्ट दिसते.