टोकियोची सुमिदा नदी आणि तिच्या तोंडावरचे मासेमार

आज जरा लांबच्या नदीची गोष्ट. जपानच्या टोकियो शहरातून सुमिदा नावाची नदी वाहते. लांबी फक्त 23.5 किलोमीटर. उत्तरेला इवाबुची इथे ती अराकावा या मोठ्या नदीपासून फुटते आणि शहर ओलांडून टोकियोच्या आखाताला मिळते. भरतीचं पाणी आत चढतं, म्हणजे खालचा भाग आपल्या खाडीसारखाच.

तिच्या मुखाशी त्सुकुदा नावाचं बेट आहे. टोकियोला तेव्हा एदो म्हणत. तोकुगावा इएयासू हा सरदार तिथे राज्य करायला आला, तेव्हा ओसाकाजवळच्या त्सुकुदा गावचे मासेमार त्याच्यामागून आले. अडचणीच्या वेळी त्यांनी त्याला होड्या दिल्या होत्या, त्याची ही परतफेड, असं परंपरेने सांगतात. त्यांना आखातात मासेमारीची मुभा मिळाली. 1645 च्या सुमारास नदीमुखाशी भर टाकून त्यांनी वस्ती केली आणि तिला आपल्या जुन्या गावाचंच नाव दिलं. गावचा देव सुमियोशी, दर्यावर्दींचा राखणदार, तोही सोबत आणला. (गाव सोडलं तरी देव सोडत नाहीत, हे सगळीकडे सारखंच.)

त्यांच्याकडे काम होतं किल्ल्यावर मासळी पोचवायचं. त्यात मानाचा मासा शिराउओ: बोटाएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा. थंडी सरताना तो अंडी घालायला नदीत चढतो. रात्री होडीवर जाळ पेटवून, चौकोनी जाळं खाली सोडून तो धरत. किल्ल्याला देऊन उरलेली मासळी निहोनबाशी पुलाजवळ विकायची, त्यातूनच एदोचा मासळी बाजार उभा राहिला. 1923 च्या भूकंपात तो बाजार जळाला आणि नदीच्या तोंडाशी त्सुकिजीला गेला. 2018 मध्ये तिथून तोयोसूला. विकली न जाणारी बारीक मासळी सोया सॉसमध्ये आटवून टिकवायची, तिला त्सुकुदानी म्हणतात. आजही जपानभर भाताबरोबर खातात.

आता पुराचं. 1629 मध्ये राज्यकर्त्यांनी अराकावाचा प्रवाह वळवला, आणि तिचं सगळं पाणी सुमिदातून जाऊ लागलं. शहर वाढलं, पूरही वाढले. 1910 च्या ऑगस्टमधल्या पुराने सरकारला जाग आली. पुढच्याच वर्षी शहराच्या पूर्वेला सुमारे 22 किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद नवा पाट खणायला घेतला. पनामा कालव्यावर काम करून आलेला अभियंता आकिरा आओयामा या कामात होता. 1924 मध्ये पाणी सोडलं, 1930 मध्ये काम संपलं. सुमारे 1300 कुटुंबांना घरं सोडावी लागली. 1965 पासून कागदोपत्री नवा पाट म्हणजे अराकावा, आणि जुनी वाट म्हणजे सुमिदा. पुरातून सुटका मिळाली, पण कारखान्यांनी जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं की पूर्वेकडची वस्ती समुद्राच्या पातळीखाली खचली. मग वादळी भरतीला अडवायला काठाला उंच सिमेंटच्या भिंती आल्या. नदी शेजारी, पण घरातून दिसेना.

आपल्या दृष्टीने खरी गोष्ट यानंतरची. युद्धानंतर कारखान्यांचं आणि घरांचं सांडपाणी थेट नदीत जायचं. पाणी काळं पडलं, वास सहन होईना. 1961 नंतर काठावरची प्रसिद्ध आतषबाजीही थांबली. शेजारच्या एदो नदीच्या तोंडाशी उरायासूचे मासेमार कागद कारखान्याच्या घाण पाण्याने हैराण झाले. 1958 च्या जूनमध्ये ते जमावाने कारखान्यात घुसले, पोलिसांशी झटापट झाली, कित्येक जखमी झाले. त्याच वर्षअखेर जपानने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध पहिले देशव्यापी कायदे केले.

पण टोकियोच्या मासेमारांना उशीर झाला होता. बंदर वाढवायचं होतं, भराव टाकायचा होता, मासळीही घटत चालली होती. 1962 मध्ये टोकियोच्या सहकारी संस्थांनी भरपाई घेऊन आखातातले मासेमारीचे हक्क सोडून दिले. 1964 मध्ये त्सुकुदाला पूल झाला आणि तीनशे वर्षांची तर बंद पडली. उरायासूच्या मासेमारांनीही पुढे हक्क सोडले. तिथल्या भरावावर 1983 मध्ये डिस्नेलँड उघडलं.

नदी मात्र सुधारली. दुसऱ्या नदीचं स्वच्छ पाणी आणून सोडलं, गाळ उपसला, सांडपाणी शुद्ध करायची केंद्रं बांधली. 1978 मध्ये आतषबाजी पुन्हा सुरू झाली. बोई आणि जिताड्यासारखा दिसणारा सुझुकी मासा पुन्हा वर चढू लागले. आता काठावर हौशी लोक गळ टाकून बसतात. हक्क विकून फक्त सोळा वर्षं झाली होती, एवढं मनात येतंच. भरपाईचा आकडा ठरवताना नदी पुन्हा जिवंत होईल हे कोणी धरलं असेल का?

त्सुकुदात आज उंच इमारती आहेत. त्यांच्या पायथ्याशी जुना ओढा, लाल पूल, सुमियोशीचं देऊळ आणि त्सुकुदानीची काही दुकानं अजून आहेत. देवाचा मोठा उत्सव दर तीन वर्षांनी उन्हाळ्यात भरतो.