वस्तीतील मुलांचा चित्रवर्ग

चित्रकलेवरील व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे अजिंठा येतो, राजा रविवर्मा येतो, निदान एखादे प्रदर्शन तरी येते. आज ज्या चित्रांविषयी आम्ही चार शब्द सांगणार आहोत ती कोठेही टांगलेली नाहीत. ती पाठकोऱ्या कागदांवर काढलेली आहेत आणि त्यांचे चित्रकार सहा ते बारा वर्षांचे आहेत. पुण्यातील एका टेकडीच्या उतारावर जी झोपडवस्ती आहे तेथे काही मंडळी दर शनिवारी दुपारी मुलांचा चित्रवर्ग चालवितात. वर्गाला फी नाही आणि चालविणारांना वेतन नाही. हा वर्ग पाहावयास आम्ही गेलो आणि पहिल्याच दिवशी आमच्या हातून एक चूक घडली. त्या चुकीमुळे आम्हांस जे उमगले ते आज आपणापुढे ठेवावयाचे आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील झोपडवस्त्यांतून सुमारे १ कोटी १८ लक्ष माणसे राहत होती. देशातील इतर कोणत्याही राज्याहून हा आकडा मोठा होता. त्यांत मुले किती असतील याची कल्पना ज्याची त्याने करावी. या मुलांना रंगपेटी मिळत नाही असे आपणांस वाटते. पण रंगपेटीहूनही दुर्मिळ अशी एक वस्तू आहे, ती म्हणजे जागा. दहा बाय दहाच्या खोलीत पाचसहा माणसे राहत असता कागद पसरून बसावयाचे कोठे? म्हणून वर्ग समाजमंदिरात भरतो. वेळ दुपारची, कारण सकाळ पाणी भरण्यात जाते आणि संध्याकाळी मुलींना स्वयंपाकाला हातभार लावावा लागतो. कित्येक मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊनच येतात. त्यालाही एक खडू मिळतो.

शिकविणारांत एक बँकेत नोकरी करणाऱ्या बाई, एक निवृत्त शिक्षक आणि कला महाविद्यालयातील दोन विद्यार्थी आहेत. मुले त्यांना ताई, दादा आणि सर म्हणतात. पाठकोरे कागद कचेऱ्यांतून गोळा केलेले असतात. तेलखडूंचे डबे मध्ये ठेवतात, शिवाय कोळसा, गेरू आणि हळदही असते. आधी पंधरा मिनिटे गप्पा, मग चित्र, आणि शेवटी ज्याला हवे त्याने आपल्या चित्राविषयी बोलावयाचे. नियम तीनच: खोडरबर नाही, बक्षीस नाही, आणि मोठ्या माणसाने मुलाच्या कागदावर रेघ ओढावयाची नाही. प्रत्येक चित्रामागे नाव व तारीख घालून ते जपून ठेवतात. वर्षअखेर मूल आपलीच पहिली चित्रे पाहते तेव्हा त्याला इतर कोणाशी तुलना करावी लागत नाही.

नवे मूल वर्गात आले की पहिले चित्र काय काढते, हे आपण कोणीही न पाहता सांगू शकाल. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खाली वाकडी नदी, काठी कौलारू घर आणि एक नारळाचे झाड. हेच चित्र आपण काढले, आपल्या मुलांनी काढले. वस्तीतील मुलाने ते कौलारू घर पाहिलेलेही नसते. तरी ते तेच काढते, कारण हे चित्र चुकत नाही. त्यासाठी कोणी रागावत नाही. ते सुरक्षित चित्र आहे. त्याच्या पलीकडे मुलाला नेणे हेच या वर्गाचे खरे काम.

आता आमची चूक. त्या दिवशीचा विषय होता ‘आमचे घर’. आठनऊ वर्षांच्या एका मुलीने घर काढले होते. भिंत असूनही आतले सर्व दिसत होते. शेगडी, पंखा, मोरी, चटईवर झोपलेला बाप. आणि कोपऱ्यात पाण्याचे एक पिंप, बापाच्या दुप्पट उंचीचे. आम्ही कौतुकाने वाकलो आणि म्हणालो, “छान आहे हो! पण भिंतीतून आतले कसे दिसेल? आणि पिंप बाबांपेक्षा मोठे असते का?” मुलगी काही बोलली नाही. तिने काळा खडू घेतला आणि सबंध घर रंगवून बुजवून टाकले.

वर्ग सुटल्यावर ताईंनी आम्हांस बाजूला घेतले. त्या रागावल्या नाहीत. इतकेच म्हणाल्या, “पाणी पहाटे पाचला येतं. पिंप तीच भरते.”

मुलांच्या चित्रांचे शास्त्र नेमके हेच सांगते. लुके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की लहान मूल डोळ्यांना दिसते ते काढीत नाही, त्याला जे ठाऊक असते ते काढते. घरात माणसे आहेत हे त्याला ठाऊक आहे. मग भिंत आड कशी येईल? व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या ग्रंथात या वाढीच्या पायऱ्या मांडल्या. दोन ते चार वर्षांपर्यंत गिरगोटे. मग डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसे. सातव्या वर्षाच्या सुमारास जमिनीची रेघ आणि तिच्यावर ओळीने उभ्या वस्तू. नवव्या वर्षानंतर हळूहळू ‘खऱ्यासारखे’ काढण्याची ओढ. मधल्या काळात आकार ठरतो तो मापाने नव्हे, महत्त्वाने. ज्या पिंपासाठी पहाटे उठावे लागते ते झोपलेल्या बापाहून मोठे असणारच. चित्र बरोबर होते. चूक आमची होती.

याच्या उलट टोकाची चूकही टाळली पाहिजे. वस्तीतील मुलाच्या चित्रात दुःखच शोधावयाचे, अशी एक खोड पाहुण्यांना असते. एका मुलाने काळा सूर्य काढला होता. आम्ही हळहळलो. चौकशी केली तेव्हा कळले की पिवळा खडू संपला होता!

ही दृष्टी आजची नव्हे. व्हिएन्ना शहरात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी चित्रवर्ग काढला आणि मुलांना नकला करावयास लावण्याऐवजी मनातले काढू दिले. आपल्याकडे शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली वर्ध्याजवळ सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि तेथील मुलांबरोबर त्यांनी अनेक वर्षे काम केले. चित्र हे शिक्षणाचे शोभेचे अंग नसून पाया आहे, हा त्यांचा आग्रह होता. वस्तीतील पालक मात्र विचारतात, “याने ग्रेड परीक्षा पास होता येईल का?” प्रश्न रास्त आहे. ज्यांना परीक्षेस बसावयाचे त्यांना हे दादा वेगळी मदत करतात. पण वर्ग त्यासाठी नाही. स्वतः पाहिलेले, स्वतः ठरवून, न भिता मांडता येणे ही वस्तू परीक्षेत मोजली जात नाही आणि जन्मभर लागते.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. ती मुलगी आली होती. तिने दोन डोंगर काढले, मधून सूर्य, खाली नदी आणि नारळाचे झाड. आमच्या एका वाक्याने ती पुन्हा त्या सुरक्षित चित्रात जाऊन बसली होती. ताई म्हणाल्या, “काही बोलू नका. येत राहा.”

तेव्हा श्रोतेहो, अशा वर्गाला रंग द्या, कागद द्या. त्यांची गरज आहेच. पण एकदा येऊन, छायाचित्रे काढून जाणारे पाहुणे या मुलांना पुष्कळ भेटतात. दर शनिवारी येऊन शेजारी बसणारा माणूस क्वचित भेटतो. तेथे जाल तेव्हा सुधारणा सुचवू नका. “हे काय आहे?” असेही विचारू नका. “याविषयी सांग” एवढेच म्हणा आणि ऐका.

पाचव्या शनिवारी तिच्या कागदावर पिंप परत आले, पूर्वीपेक्षाही मोठे. आम्ही म्हणालो, “सांग.” ती म्हणाली, “हे मी भरते. काठोकाठ.”